कादंबरीच्या पोटात लपवलेलं पुस्तक

प्रिय आई,

आजपासून कॉलेजला नाताळची सुट्टी लागली आणि पहिल्याच सकाळी तुझी चोरी पकडली गेली! म्हणून हे पत्र.

तुला जाऊन नऊ महिने झाले. मराठीची प्राध्यापक मी, पण तेव्हापासून जड काही वाचवत नाही. दोन पानांत डोळे भरून येतात. सुट्टीत वाचायला काहीतरी हलकंफुलकं मिळेल म्हणून तुझं कपाट उघडलं.

मागच्या नाताळच्या सुट्टीत तू आजारी होतीस. अंगणात उन्हाला बाज टाकून पडलेली असायचीस. "मले रडवणारं नोको आणजो बाई. शेवटी सगळे सुखी होतात, असं एखादं आण," म्हणालीस. आणि मी काय आणलं? दुष्काळावरची पाचशे पानांची कादंबरी! वर ऐकवलं, "आता तरी काही चांगलं वाच." अक्कल गहाण ठेवली होती मी.

पुढे रोज कॉलेजातून आल्यावर मी विचारायचे, "कुठवर आलीस?" तू चष्म्यावरून बघत म्हणायचीस, "वाचून राह्यली ना! घाई काऊन करतं?" आणि गालातल्या गालात हसायचीस. दुष्काळ वाचताना हसू कसं येतं, हे मला तेव्हा कळायला नको होतं का?

आज ती कादंबरी उघडली, तर आत एक पातळशी प्रेमकथा. त्यावर आपल्या बोरगावच्या वाचनालयाचा शिक्का! शाळकरी पोरीसारखी लपवून वाचत होतीस?

परत करायला गेले, तर ग्रंथपाल भाऊ हसले. "तुम्ही कॉलेजात गेल्या की काकूंचा फोन ये. मीच नेऊन देत होतो. म्हनत, पोरीले सांगू नोका. तिनं हौसेनं आनलं, तिले वाईट वाटन."

तिथेच स्टुलावर बसून रडले मी. अंगात त्राण नसताना ते जाडजूड ओझं माझ्यासाठी हातात धरून बसायचीस! सरळ रागावली का नाहीस गं?

भाऊंनी पुस्तक परत माझ्या हातात ठेवलं. तेहतिसाव्या पानाचा कोपरा तू दुमडून ठेवला आहेस. तिथे तो बसस्टँडवर वाट बघत उभा आहे आणि ती अजून आलेली नाही. पुढचं तुझं राहूनच गेलं.

उद्यापासून त्या पानावरून मोठ्यानं वाचीन, तुझ्यासाठी. एकदाही नाक मुरडणार नाही. आणि ती आल्याशिवाय पुस्तक मिटणार नाही, आई.

तुझीच,
शोभा