काचेबाहेरून आलेली मदत

३ मार्च, मंगळ.
वंदना करून निघालो. सिंगापूरच्या जुरोंग आयलंडला जाणारी कंपनी बस वेळेवर. पाणी शुद्ध करण्याच्या प्लांटवर काम करणारे पाच जण आफ्रिकेतून आमच्याकडे शिकायला आलेत. देश पाच, कारभाराची भाषा एकच, पोर्तुगीज. आपसांत ठरलेलंय : एकाच्या प्लांटवर अडलं की दुसऱ्याने धावायचं. आज क्लोरीन गळतीची परीक्षा, पडद्यावरची. चौघं पास. गिनी-बिसाऊचा आदेलिनो भोंगा वाजताच थिजला. अंगोलाच्या टेरेझाबाई काचेबाहेरून काहीतरी ओरडल्या. त्याने नेमका हवा तोच व्हॉल्व्ह बंद केला.
परीक्षेत मदत चालत नाही. परीक्षक मी.

४ मार्च
बाईंना विचारलं. जराही लपवलं नाही. "सांगितलाच व्हॉल्व्ह. प्रोफेसोर, तिकडे खरी गळती झाली तर तो फोन कोणाला करेल? तुम्हाला?" सगळे हसले. आदेलिनो नाही. गिनी-बिसाऊतल्या नव्या प्लांटसाठी तो एकटाच निवडलेला. नापास झाला तर तिथे कामाची पाळी मिळणार नाही.
मॅनेजर लिम त्यांच्या सिंगापुरी लकबीत म्हणाले, "तुला पोर्तुगीज येतं? नाही ना? मग तू काही ऐकलंच नाहीस. पास कर लाह. शनिवारी जातायत ते."
ऐकलं तर होतं.

५ मार्च
आमच्या शाळेत तिसरी-चौथी एकाच खोलीत. चौथीचं उत्तर तिसरीतून कोणीतरी पुटपुटायचं. गुरुजी छडी दोघांनाही द्यायचे, आणि धडा पुढे न्यायचे.
घरी बायकोला, सुनंदाला सांगितलं. "पंचशील रोज म्हणता. खोटं लिहू नका. पण त्याच्या पोटावरही पाय देऊ नका." दोन्ही कसं जमवायचं ते माझ्यावर सोडून भाजी परतत राहिली.
शेवटी अहवालात लिहिलं : मदत झाली. परीक्षा पुन्हा घ्यावी, या वेळी टेबलावर फोन ठेवून. त्यांचं काम तसंच चालतं.
लिमनी वाचलं. "आयो, एवढं खरं कोणी मागितलं होतं?" पण वर पाठवलं.

७ मार्च, शनि.
वरून उत्तर नाही. पाचही जण गेले. आदेलिनोने माझा हात बराच वेळ धरून ठेवला. राग असावा, नसावाही.

११ मार्च, बुध.
टेरेझाबाईंचा मेसेज. आदेलिनोला पाळी मिळाली, प्रमाणपत्र येईपर्यंत तात्पुरती. अट एकच : रात्री कोणीतरी जाणकार फोनवर हवं. चौघांनी रात्री वाटून घेतल्यात. एक उरलीय. "त्याची मध्यरात्र म्हणजे तुमची सकाळ. घ्याल, प्रोफेसोर?"
मदत झाली, असं मीच लिहून आता मदतीला मीच?
सकाळी मी कामावर, आणि आमचे मोबाइल तर आयलंडच्या गेटवर जमा होतात. लिमना विचारलं, कंट्रोल रूममधल्या टेबलावरचा फोन परदेशातून लागतो का.
"लागतो. कशाला?"
लिमना कारण अजून सांगितलेलं नाही. बाईंना मात्र 'हो' कळवलंय.