ईला काय म्हणाली

॥ जय सेवालाल ॥

मु. तांडा, पो. गोरेगाव,
ता. सेनगाव, जि. हिंगोली
१६ सप्टेंबर २००६, शनिवार

प्रिय रणजीत भिया,

तुला, वहिनीला आणि लेकरांना रामराम. इकडे सगळे बरे आहोत. मूग काढून झाला, सोयाबीनच्या शेंगा भरत आल्या. याडीचे गुडघे दुखतात, पण बस म्हटलं तर बसत नाही. बापूंनी विडी सोडली असं ते स्वतः सांगतात. शेजारच्या ओसरीत जाऊन ओढतात हे अख्ख्या तांड्याला ठाऊक आहे. माझी मिरा इथल्या शाळेत पहिलीत जाऊन बसते. तिचं नाव अजून सासरच्याच शाळेत आहे, पण इथले गुरुजी चांगले, बसू देतात.

पत्र बघून तुला वाटेल, हिला फोन करायला काय झालं? फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी एक वाक्य बोलले की तू "हां हां, कळलं" म्हणतोस आणि पुढचं माझं तूच बोलून टाकतोस. म्हणून कागद घेतला. कागदाला मध्ये तोंड घालता येत नाही.

२८ तारखेला, गुरुवारी, आपल्या तांड्यात नसाब बसणार आहे, हे बापूंनी तुला कळवलंच असेल. मिराचा बाप देवला आणि त्याचे भाऊबंद हट्ट्याहून जीप करून येणार. मला सासरी धाडायचं की नाही ते पंच ठरवणार. त्याबद्दल लिहायचंच आहे. पण आधी दुसरी गंमत सांगते, नाहीतर ती सांगायची राहून जाईल.

शिवकन्या आठवते ना? गोरेगावच्या उत्तमरावांची, माझ्या वर्गातली. तिच्या नवऱ्यानं सीडी भाड्यानं द्यायचं दुकान टाकलंय. परवा बाजाराला गेले तर तिनं मला हाताला धरून घरातच ओढलं. म्हणाली, "संगे, काय सापडलंय बघ." तर काय, ‘सात सूरज की घाटी’! आपलं रविवारचं कार्टून! अख्खा डबा भरून सीड्या. गाणं सुरू झालं आणि माझ्या अंगावर असा काटा आला म्हणून सांगू. मिराला मांडीवर घेतलं आणि तिथेच फरशीवर बसले.

आणि मग चित्र सुरू झालं. अरे भिया! तो तरंग धावतो ना डोंगरातून, त्याच्या मागनं एकच दगड तीनदा जातो. तोच दगड, तेच झुडूप. गरडू उडताना पंख दोनच तऱ्हेनं हलतात. आणि तो धुंधासुर, ज्याच्या भीतीनं मी एकटी नाल्याकडे जात नव्हते, त्याचा डोळा म्हणजे बांगडीनं काढावा तसा नुसता गोल. शिवकन्या हसून हसून लोळली. मीही हसले. पण मिरा हसत नव्हती, तोंड उघडं टाकून बघत होती. तेव्हा मला धर्मसिंग नाईकांचं घर आठवलं.

बांबूवर अँटेना, शटरचा टीव्ही, पुढे जमिनीवर आपण सगळी लेकरं, मागे बाजेवर म्हातारे. घरात आपण गोरमाटी बोलणार, शाळेत मराठी, आणि टीव्ही बोलणार हिंदी. त्यातलं कोणाला ओ की ठो कळायचं नाही. आश्रमशाळेत राहून हिंदी आलेला तू एकटा. सुट्टीत, सणात, कधी ताप आल्याचं सोंग करून तू रविवारी घरी असायचास. टीव्हीच्या शेजारी उभा राहून तू सगळ्यांचं बोलणं गोरमाटीत सांगायचास. तरंगचं मोठ्या आवाजात, धुंधासुराचं घशातून, आणि ईलाचं बारीक आवाजात. तुझा आवाज फुटायला लागलेला, ईला बोलताना मध्येच रेड्यासारखी हंबरायची. तरी कोणी हसत नव्हतं.

धुंधासुरानं ईलाला धुक्याच्या किल्ल्यात नेलेलं. तिचा भाऊ तरंग तिला शोधत सात दऱ्या ओलांडतो. दर भागाच्या शेवटी ती पाण्यात दिसते आणि त्याच्याशी बोलते. ते बोलणं आम्हा पोरींना पाठ होतं. "भिया, मला घेऊन जा. तू आल्याशिवाय मी इथून हलायची नाही." तांड्यातल्या सगळ्या पोरी नाल्याच्या पाण्यात वाकून हेच म्हणत खेळायच्या. मी लग्न होऊन गेले तेव्हा पाठवणीचं रडगाणं, ढावलो, म्हणताना, तुझ्या गळ्यात पडून, तेच म्हटलं. तू रडलास.

भिया, ईला असं म्हणतच नाही.

मध्येच उठले होते. शेळी सुटली असं याडीला सांगितलं. शेळी बांधलेलीच होती. बसवत नाही मला. परवापासून असंच चाललंय, भाकरी थापता थापता उठते, अंगणाच्या टोकापर्यंत जाते, परत येते. याडी म्हणते, "काहून फिरून राहिली अशी?" मी काय सांगू?

ऐक. ऊसतोडीला एवढे हंगाम काढले, तिथं मध्य प्रदेशातल्या टोळ्या असतात, त्यांच्या बायांसोबत मला हिंदी चांगली आली. पहिल्यांदा मी ईलाचं ईलाच्या तोंडून ऐकलं. ती पाण्यात येते आणि म्हणते, "तरंग, मुझे लेने मत आना. रास्ता मैं ख़ुद खोजूँगी. तुम बस पिताजी को रोके रखना." म्हणजे काय, तर बाप तिला कायमची धुंधासुरालाच देऊन टाकायला निघालेला असतो, तह म्हणून. ती किल्ल्यातूनही पळायला बघते आणि बापाच्या घरीही जायचं नाही म्हणते. तिला घेऊन जायला कोणी नकोच आहे. प्रत्येक भागात ती हेच सांगते, आणि प्रत्येक भागात तू तिला रडायला लावलंस.

मी शिवकन्येला म्हटलं, मागं घे. तिनं मागं घेतलं. पुन्हा तेच. तेवढ्यात मिरानं माझा पदर ओढला. "याडी, काय म्हणली ती?"

तिला हिंदी येत नाही ना. आता सांगायची पाळी माझी होती. आणि तुला खरं सांगते, तुझंच वाक्य तोंडात आलं. इतक्या वर्षांचं पाठ, ते आधी आलं. मी ते गिळलं. म्हटलं, "ती म्हणते, मला न्यायला येऊ नको, माझी वाट मी शोधते." मिरानं विचारलं, "मग भाऊ काय करल?" लाईट गेली, शिवकन्येनं चहा टाकला, मी न पिताच निघाले. जीप उभी होती तरी पोरीला कडेवर घेऊन तांड्यापर्यंत चालत आले. अंगात बळ मावत नव्हतं.

वाटेत आठवलं. सुरुवातीला तू बरोबर सांगायचास. ईला बापाला तोंडावर "मैं नहीं जाऊँगी" म्हणते तो भाग, तो तू जसाच्या तसा सांगितलास. नाईक बाजेवरून उठले आणि टीव्हीचं बटण पिरगाळलं. "लेकरायला असलं ऐकवू नका. पोरी बिघडतील." शटर ओढलं. पुढच्या रविवारीही शटर खालीच. लेकरं दारात रडत बसली होती, मी त्यांच्यात पुढे. मग तू आत जाऊन नाईकांना काहीतरी बोललास आणि शटर वर गेलं. तेव्हापासून ईला शहाणी झाली. बरोबर ना?

ह्याबद्दल मी तुझ्यावर रागावलेली नाही. केवढा होतास तू? आणि आमच्यासाठीच केलंस. टीव्ही चालू राहिला, आम्हाला सात दऱ्या बघायला मिळाल्या. पण आता तू तेवढा नाहीस, आणि हे कार्टूनही नाही.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते लिहिते.

नागपंचमी झाल्यावर मी सेनगावला जाऊन बूथवरून तुला फोन केला होता. सगळं सांगितलं होतं. दसरा झाला की टोळी निघणार, आणि निघायच्या आधी सासूबाई आणि देवला मला ऑपरेशनला नेणार. पिशवी काढायला. मला कसलाही रोग नाही. मागच्या हंगामात पाळीच्या दिवसांत मी दोनदा फडावर जाऊ शकले नाही, एवढाच माझा रोग. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई बसली की कोयता बसतो, मुकादम ओरडतो. सासूबाईंनी आपली केव्हाच काढली, जावेचीही काढवली. जाऊ माझ्याहून थोडीच मोठी आहे. आता घागर उचलायच्या आधी ती भिंतीला हात लावून उभी राहते, आणि मी बघितलं की हसते. मला अजून एक लेकरू हवं की नको, हे मला अजून ठाऊक नाही. पण ते मी ठरवीन. देवला मारत नाही, पीत नाही. सगळे तेच विचारतात, मारतो का, पितो का, मग तकलीफ काय? तकलीफ ही आहे. हे सगळं मी तुला न रडता, नीट सांगितलं होतं, आणि शेवटी म्हटलं होतं, मी परत जाणार नाही. तू म्हणालास, "हां हां, कळलं."

आणि दुसऱ्या दिवशी मी मूग निवडत बसले होते, तर बापू येऊन म्हणाले, "रणजीतचा फोन आलता. म्हनला, संगी सुईला भेली. चार दिस ठिवून घ्या, समजूत घाला, दसऱ्याच्या आदी धाडून द्या."

सुईला! आश्रमशाळेत टोचायला माणसं आली तेव्हा कुंपणावरून उडी मारून पळाला कोण? मी की तू?

तेव्हा नुसता राग आला होता. तू असं का केलंस ते कळत नव्हतं, वाटायचं भिया बदलला, वाळूजच्या कंपनीत जाऊन साहेब झाला. परवा कळलं की तू मुळीच बदललेला नाहीस. मागे बाजेवर म्हातारे बसले आहेत आणि शटर खाली येईल, ह्या भीतीनं तू अजून माझं बोलणं त्यांना सोसेल असं करून सांगतोस. तुझ्या मनात माया आहे, हे मला माहीत आहे. पण ह्या मायेनं माझं पोट कापलं जाईल.

नसाबात पहिला शब्द नाईकांचा, म्हणून काल मी धर्मसिंग नाईकांकडे गेले. म्हातारे झालेत, कान कमी झालेत, टीव्ही मात्र रंगीत आहे. म्हटलं, नाईकबाबा, गुरुवारी मला स्वतः बोलायचंय. ते म्हणाले, "बाई कवा बोलली का नसाबात? तुला बाप हाय, भाऊ हाय. रणजीत येनार हाय न्हवं? तो बराबर सांगतो. न्हानपणी इथंच टीव्हीम्होरं सांगायचा, समद्याइला पटायचं."

मला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी. त्यांना वाटलं पोरगी लाजली. मी जवळ जाऊन, मोठ्यानं, त्यांच्या कानात म्हटलं, "मी दारातून बोलीन, पण मीच बोलीन." ते म्हणाले, "बघू." त्यांचं बघू म्हणजे नाही, हे तुला माहीत आहे. तरी मी तिथून निघेपर्यंत ते माझ्याकडे बघत होते.

याडीला सगळं सांगितलं, पिशवीचंही. माझी पत्र्याची पेटी तिनं पाठवणीसाठी म्हणून उन्हात उघडून ठेवली होती, ती उचलून आत नेली आणि तिच्यात मूग भरला.

राहिले बापू. तू आला नाहीस तर ते उठतील आणि तुझंच वाक्य बोलतील, सुईचं. पंच मान हलवतील, जीप दारात उभीच असेल. बापूंचा हात धरून खाली बसवायला माझ्या बाजूचा एक गडी लागतो. हे असं आहे ते मला पटत नाही, पण आहे. म्हणून तुला बोलावते. रजा काढ, आदल्या दिवशी, बुधवारीच ये.

ये, पण माझी वकिली करायला येऊ नकोस. ‘लहान आहे, घाबरली आहे, सांभाळून घ्या’ असं काही म्हणू नकोस. तू गोड बोलशील, सगळ्यांना पटेल, आणि मी पुन्हा कोणाच्या तरी तोंडातली ईला होऊन बसेन. बापूंना लागून बस. ते उठायला लागले तर त्यांना धर. आणि पंचांनी तुला विचारलंच, "रणजीत, तुझ्या बहिणीचं म्हणणं काय?" तर एवढंच म्हण, "तिलाच विचारा."

जिला आजवर कोणी विचारलं नाही, ती
तुझी धाकटी बहीण
संगिता