मधल्या पंपावरचा हात

दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. आम्ही इकडे खुशाल आहोत, हिचे गुडघे आणि मोरीतला नळ सोडून. दोन्ही कुरकुरतात, आणि दोन्हींची तक्रार एकच की घरात एवढा मोठा मिस्त्री असून आपल्याकडे कोणी बघत नाही.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोललो की शेजारी खिडक्या उघडतात, म्हणून आपलं पत्रच बरं. अक्षराला हसू नकोस. पेन नवीन आहे, फार गुळगुळीत, बोटांत ठरत नाही. तू पट्टी मारमारून माझ्या अक्षराला जे वळण लावलंस ते या पेनाच्या डोक्यात काही शिरलेलं नाही.

टकळी बरी आहे. सध्या कॉलनीच्या हॉस्टेलवर राहायला गेली आहे. तिथून प्लांट जवळ पडतो. आपल्या घरापासूनही तो लांब नाही म्हणा, पण असो.

आता असो म्हणून तू सोडणार नाहीस, तेव्हा सांगूनच टाकतो. तुझ्या भाचीनं चारचौघांत बापाची शोभा केली.

तुला मागे लिहिलं होतं, अणुभट्टी म्हणजे एक भलीमोठी चूल. चूल विझवली तरी निखारे तापतच राहतात, म्हणून तिच्याभोवतीचं पाणी कधी थांबून चालत नाही. ते पाणी फिरवणारे तीन पंप माझ्याकडे आहेत. थोरला, मधला आणि धाकटा. दोन चालतात, एक राखीव. दुरुस्ती करताना शेवटची तपासणी माझ्या बोटाची आणि पंप चालू झाल्यावरची माझ्या तळहाताची. पंपाच्या अंगावर हात ठेवला की आत काय चाललंय ते मला कळतं. मी मान हलवली की वर कंट्रोल रूमला निरोप जातो, ‘मिस्त्रींचा हात लागला’, आणि पुढे कोणी काही विचारत नाही. हे नियमात कुठं लिहिलेलं नाही. पण पाहुणे आले की मोठे साहेब, म्हणजे आमच्या केंद्राचे मुख्य, त्यांना खाली आणतात आणि पंप दाखवायच्या आधी माझा हात दाखवतात. मी आपला संकोच केल्यासारखं करतो. तुला माहीतच आहे मी किती संकोची आहे ते.

तर गेल्या आठवड्यात थोरला दुरुस्तीसाठी उघडलेला होता. मधला मी नुकताच दुरुस्त करून दिला होता, तो आणि धाकटा चालू होते. मधल्याची थरथर दाखवणारा काटा दुपारी वर चढला आणि वरच राहिला. तो मीटर बसवल्यापासूनच नाठाळ आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. मी गेलो, हात ठेवला, मान हलवली. निरोप वर गेला.

वर शिफ्ट इंजिनिअर टकळी होती. ती स्वतः जिना उतरून खाली आली. माझ्या सगळ्या फिटरांसमोर म्हणाली, “बाबा, काटा उतरत नाही. मी मधला बंद करतेय.”

एका पंपावर भट्टी चालवायची परवानगी नाही. म्हणजे मधला बंद तर भट्टी बंद, वीज बंद, आणि वरपासून खालपर्यंत सगळ्यांचे फोन चालू. मी म्हणालो, “तुझ्या जन्माच्या आधीपासून हा हात या पंपांवर आहे.” ती म्हणाली, “माहीत आहे, बाबा,” आणि वर गेली.

भांडायला मी तिच्या मागोमाग कंट्रोल रूमच्या दारापर्यंत गेलो. राग आहे तो आहेच, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? दारातच थांबलो. ताई, ती उभी राहून एकेक हुकूम देत होती आणि समोरचा माणूस तो शब्दाला शब्द परत म्हणून मग हात हलवत होता. आवाज कुठं चढला नाही. मोठ्या साहेबांचा फोन आला तर तिनं “काम झालं की बोलते” म्हणून ठेवून दिला. लहानपणी जिची बडबड थांबावी म्हणून तू खडीसाखर द्यायचीस तीच ही पोर. भट्टी इतकी अलगद खाली आणली की खालच्या लोकांना भिंतीवरचे इशाऱ्याचे दिवे बदलले तेव्हा कळलं. मी तसाच मागे फिरलो.

आता चौकशी समिती बसली आहे. उद्या मधला उघडायचा. तो ठणठणीत निघाला तर तिला कंट्रोल रूममधून काढणार, असं साहेबांनी तोंडावर सांगितलंय. त्या खुर्चीसाठी तिनं कसा अभ्यास केला ते मी पाहिलंय. जेवताना वही उघडी असायची आणि आमटी वहीत. पण मी तरी काय करू? माझाच हात खोटा म्हणू? हातच्या कांकणाला आरसा कशाला, उद्या कळेलच.

ही म्हणते म्हणून लिहितो, माझ्या बोटांना जरा भाजलंय. विशेष काही नाही. बोलण्याच्या नादात उकळती किटली धरून ठेवली होती, टकळीनं माझा हात ओढून काढला. ती हॉस्टेलवर जायच्या आधीची गोष्ट.

तुझा बाळ्या
(इथल्या सगळ्यांचा मिस्त्री)


दि. २१ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक ओळ. “पेनाचं सोड, हाताला काय झालंय ते लिही.” जन्मभर पोरांच्या वह्या तपासलेल्या बाईला मी पेनाची गोष्ट सांगायला गेलो, माझीच चूक. सांगतो. पण आधी तुझ्या भाचीचं ऐक, कारण ते सांगायला मला जास्त आवडतं.

मधला उघडला. त्याचा दांडा ज्या बेअरिंगमध्ये फिरतो, त्याच्या आतलं मऊ अस्तर सोलवटून निघालं होतं. आणखी थोडा वेळ चालला असता तर दांडा जागीच जाम झाला असता, आणि तोही भट्टी पूर्ण जोरात असताना. बघायला आलेल्या इंजिनिअरांनी लगेच फोटो काढून घेतले. टकळीचा काटा खरा होता. माझ्या तोंडात कोणी मारल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी, कसं सांगू, वाटलं की वर जाऊन तिला सांगावं, जिंकलीस. पण तेव्हा गेलो नाही, कारण भोंगा.

भोंगा म्हणजे माझा जोडीदार फिटर. तो कुजबुजला तरी फाटकावर ऐकू जातं. इंजिनिअर गेल्यावर त्यानं बेअरिंगमध्ये बोट फिरवलं आणि त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाला, “मिस्त्री, इथं लागतंय की. बघा.”

तेल जायला आत एक खाच असते. तिच्या काठाला बारीक धार राहून गेली होती. त्या धारेनं तेल अडवलं आणि अस्तर जळालं. दुरुस्तीनंतर पंपाचं झाकण लावायच्या आधी हीच खाच मी बोटानं तपासली होती. मी पुन्हा बोट फिरवलं. ताई, मला काही लागलं नाही. काचेवरून फिरवावं तसं गुळगुळीत. बोट बाहेर काढलं तर त्यावर रक्त होतं.

भोंग्यानं माझ्याकडे पाहिलं, मग रक्ताकडे, आणि खिशातलं फडकं काढून माझ्या बोटाला गुंडाळलं. म्हणाला, मी काही बघितलं नाही. समितीला सांगू, तेल खराब होतं. तेल जळून काळं झालेलंच होतं, कोणालाही पटलं असतं. मीही मूग गिळून बसलो.

समितीत तेलाचं सगळ्यांना पटलं. टकळीचा निर्णय बरोबर ठरला, साहेबांनी सगळ्यांसमोर तसं म्हटलं आणि माझी छाती फुगली. गोष्ट तिथंच संपायला हरकत नव्हती. पण तुझी भाची खाली बसेना. म्हणाली, नुकताच जोडून ठेवलेला थोरला आणि धाकटा दोन्ही उघडून बघावेत, तोपर्यंत भट्टी सुरू करू नये. बंद भट्टीचे निखारे निववायला बाहेरून दुसरा पंप लावता येतो, तो लावावा.

साहेबांनी विचारलं, तेल बदललं की झालं, बाकीचे पंप कशासाठी? ती म्हणाली, तपासायला हवेत. कारण काय? ती गप्प. टकळी, आणि गप्प. एक सदस्य म्हणाले, एक निर्णय बरोबर आला म्हणून बाईंना वाटायला लागलंय की रोज भट्टी बंद ठेवावी. दोघेतिघे हसले. मग साहेबांनी स्पष्टच सांगितलं, कारण द्या, नाहीतर तुमची मागणी फेटाळून तुम्हाला शिफ्टवरून बाजूला करावं लागेल. शेवटी विचारलं, “मिस्त्रींच्या कामाबद्दल तुम्हाला काही शंका आहे का?”

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, “वडिलांबद्दल मला काही बोलायचं नाही. पंप उघडा एवढंच म्हणणं आहे.”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हिला ठाऊक होतं. किटलीच्या दिवसापासून ठाऊक होतं. एक वाक्य बोलून ती सुटली असती, आणि ते वाक्य सोडून बाकी सगळं बोलायला ती तयार होती. त्या खुर्चीवर पाणी सोडायलाही. मी या पोरीला कानामागून आली आणि तिखट झाली म्हणालो होतो, आणि ती माझंच नाव झाकून उभी होती.

मी उठलो. म्हणालो, “कारण मी देतो. माझ्या उजव्या हाताला काही कळत नाही. हे दोन्ही पंप याच हातानं पास केलेत.” आणि फडकं सोडून बोट दाखवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तुला सांगतो, इतकी वर्षं पाहुण्यांना दाखवला त्यापेक्षा त्या दिवशी दाखवताना मला जास्त बरं वाटलं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि दोन्ही पंप उघडायला सांगितलं.

थोरल्यात, मी बसवून ठेवलेल्या नव्या बेअरिंगमध्ये, तशीच धार निघाली. तो अजून चालू झाला नव्हता म्हणून बरं. धाकटा मात्र आरशासारखा स्वच्छ. त्याचं काम मी हात शाबूत असताना केलं होतं. भोंग्यानं त्यात बोट फिरवलं आणि सगळ्या प्लांटला ऐकू जाईल असं ओरडला, “मिस्त्री, लोणी आहे लोणी!” माझ्या हातचं ते शेवटचं चांगलं काम असेल तर असू दे, चांगलं होतं.

डॉक्टर म्हणतात, इतकी वर्षं थरथरणारी ग्राइंडरं धरल्यामुळे बोटांतल्या शिरा मेल्या आहेत. मुंग्या येत होत्या तेव्हाच यायला हवं होतं. मुंग्या येत होत्या, ताई. मी हिलाही सांगितलं नव्हतं. हात गेला तर मी कोण, हेच मला कळत नव्हतं.

आता नियम लिहिला गेलाय. प्रत्येक खाच दोन वेगवेगळ्या माणसांनी तपासायची, आणि काटा उतरल्याशिवाय कोणाचाही हात चालणार नाही. हा नियम टकळीनं मांडला आणि खाली पहिली सही मी केली. मी पंपांवरच आहे, काळजी करू नकोस. बोट भोंग्याचं, कान आणि जीभ माझी. जीभ अजून शाबूत आहे असं हीपण म्हणते.

टकळी घरी परत आली. तिला विचारलं, ठाऊक होतं तर सांगितलं का नाहीस? म्हणाली, “तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते.” मग हॉस्टेलवर का गेलीस? तर म्हणे, घरात राहिले असते तर तोंडातून निघून गेलं असतं, बाबा, तुम्हाला माझं तोंड माहीत नाही का. ही तेव्हा पोळ्या लाटत होती. लाटणं ठेवून आत निघून गेली, आणि बाहेर आली तेव्हा नाक लाल होतं.

काल कॅन्टीनमध्ये एक नवा सुपरवायझर कोणाला तरी माझी ओळख करून देत होता. हे आमचे मिस्त्री, यांचा हात म्हणजे, असं म्हणून तो अडखळला. बिचाऱ्याला पुढे काय बोलावं कळेना. मी म्हणालो, मी शिफ्ट इंजिनिअरबाईंचा बाप. आणि चहा डाव्या हातानं उचलला. सांडला थोडा, पण उचलला.

रोज संध्याकाळी टकळी मला डाव्या हातानं गिरवायला बसवते. तुझ्यापेक्षा कडक आहे, फक्त पट्टी मारत नाही. इथवरचं पत्र उजव्या हाताचं आहे, पेन तेच. खालची सही डाव्या हाताची. लाल शाईनं तपास आणि किती मार्क ते कळव. कमी दिलेस तरी चालतील, फक्त नाव खोडू नकोस.

तुझा धाकटा,
टकळीचा बाबा