पालखीच्या ढोलातली उसंत

सर, हे मराठीत लिहितोय, कारण इंग्रजीत माझा राग फार सभ्य होतो. तुम्हाला यातलं अक्षरही कळलं नसतं, आणि तुम्हाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तरी ऐकून घ्या. ऐकायला तुम्हीच शिकवलंत.

तिकडे ब्राझीलमध्ये तुमच्या सिनेसंगीतावर माहितीपट करतायत. मला मेल आला, बहारीनमधल्या दिवसांबद्दल बोला म्हणून. सोबत तुमची जुनी मुलाखत. शुक्रवारचं जेवण चाललेलं, मुलीनं ती लावली. पडद्यावर तुमच्या शेवटच्या सिनेमातला होडी ओढण्याचा प्रसंग, आणि तुम्ही सांगताय, हा ठेका लहानपणी गावच्या कोळ्यांकडून उचलला. एरवी इंग्रजीतच उत्तर देणारी माझी पोरगी घास हातात धरून म्हणाली, "डॅड, हे तर आपलं शिमग्याचं." बायको म्हणाली, "जेवा आधी. मेलेल्या माणसाशी काय भांडायचं?"

मग कोणाशी भांडू? तो ठेका माझ्या बापाचा. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात पालखी नाचायची ती त्याच्या ढोलावर. खांद्यावर पट्ट्याचे वळ उठेपर्यंत वाजवायचा, मधे थांबणं त्याला माहीतच नव्हतं. तुम्हाला हे मीच सांगितलं होतं. तिकडची कामं आटली म्हणून तुम्ही इथल्या हॉटेलात पियानो वाजवायला आलेले, मी तिथला इलेक्ट्रिशियन, माइकही मीच लावायचो. मग तो सिनेमा आला आणि इथल्याच तुबली भागातल्या माझ्या खोलीत, खालची गॅरेजं सुट्टीला बंद असताना, आपण त्याचं संगीत केलं. ढोल कुठला आणणार? पाण्याचं निळं पिंप पालथं घातलं आणि मी सुटलो. तुम्ही हात वर केलात. "यू प्ले, यू डोन्ट लिसन." होडीचं चित्र पुन्हा लावलंत. माणसं ती ओढणार, त्याच्या अगदी आधी म्हणालात, "हिअर, स्टॉप. लेट देम ब्रीद." मनात म्हटलं, माझ्या बापाच्या ठेक्याला भोक पाडणारा हा कोण? पण थांबलो. उसंत घेऊन मारलं आणि अंगावर काटा आला.

परत जाताना स्वतःचे हेडफोन माझ्या गळ्यात घातलेत. "माय ड्रमर," म्हणालात. मग सिनेमात नाव का नाही, सर? शेवटी जेवण पुरवणाऱ्याचंसुद्धा नाव आहे. बाप माझा आणि कोळी तुमचे, वा. तुबलीत आज माझा स्वतःचा स्टुडिओ आहे, आणि हे कान तुम्ही दिलेत, असं येईल त्याला सांगत आलोय. माझ्याबद्दल एक वाक्य बोलताना तुमची जीभ का जड झाली?

मेलचं उत्तर लिहून झालं. ठेका माझ्या वडिलांचा, खलास. पाठवणार, तेवढ्यात गावच्या ग्रुपवर यंदाच्या शिमग्याचा व्हिडिओ आला. ढोल चुलतभावाकडे. पालखी डोक्यावर चढायच्या आधी तो थांबतो, सगळं गाव श्वास रोखून धरतं, मग ढोल कोसळतो. तुमची ती उसंत मीच त्याला मागे रजेवर गेलो तेव्हा दाखवली होती. खाली कुणीतरी लिहिलंय, "ही खोड आबांचीच, दुसऱ्या कुणाची नाही." आबा म्हणजे माझा बाप.

त्याखाली मीही हात जोडल्याचा इमोजी टाकून ठेवलाय, सर. मेल अजून तसाच पडलाय.