गल्लीकडची खिडकी

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
जुन्या इमारती विभाग, नगर कार्यालय.

विषय : दुसऱ्या मजल्यावरील गल्लीकडची खिडकी बदलण्यास परवानगी मिळणेबाबत (अर्ज दुसरा).

संदर्भ : माझ्या पहिल्या अर्जास आपले उत्तर – “खिडकी उघडत नाही एवढ्यावरून ती बदलता येणार नाही. धोकादायक असल्यास तसे कळवावे.”

महोदय,

खाली लिहितो त्यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच नम्रपणे नमूद करून ठेवतो. आमच्या जिन्यात बसत नाही, तर आपल्या कार्यालयात तरी का बसावा. तरीही आपल्या पत्रास अनुसरून सदर खिडकी धोकादायक असल्याचे कळवीत आहे.

१. सदर खिडकी माझ्याहून चार वर्षांनी वडील आहे. तिच्या फटींतून वारा असा येतो की हातातले वर्तमानपत्र तोच उलटतो. परवा मी पहिल्या पानावरून थेट निधनवार्तांवर आलो. या वयात हे बरे नव्हे.

२. खिडकीकडे पाठ करून चहास बसल्यास कपबशी आपोआप पुढे सरकते. चहा मला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन गाठावा लागतो.

३. गेल्या मंगळवारी तर खिडकी आपणहून सताड उघडली आणि कोपऱ्यातली छत्री वाऱ्याने बाहेर ओढली. मी दांडा धरला, सबब मीही गेलो. खाली शिंप्याचे दुकान आहे. मी लोंबकळत असता त्याने माझ्या पायजम्याचे माप घेऊन ठेवले, एवढा वेळ मी तेथे होतो. शेवटी छत्री सोडली तेव्हा घरात येऊन पडलो. छत्री समोरच्या गच्चीवरून पुढे गेली, ती अद्याप परत आलेली नाही.

४. येथवरचा मजकूर सवयीप्रमाणे पत्नीस वाचून दाखवला. ती लोकर गुंडाळीत होती. गुंडा खाली न ठेवता म्हणाली, “अहो, वर्षभर मी त्या खिडकीला खांदा लावतेय, तसूभर हलत नाही. मग तुम्ही बाहेर पडलात कुठून? आणि छत्री दारामागे आहे.” छत्री दारामागे असल्याचे मी समक्ष पाहिले. सबब कलम १ ते ३ मागे घेत आहे. कपबशीबद्दल मात्र माझे म्हणणे कायम आहे.

५. खरी हकीकत अशी. समोरच्या घरात, बारा फुटांवर, पत्नीची थोरली बहीण राहते. दोघींचे गुडघे गेले. जिना उतरणे दोघींच्यानेही होत नाही. चाळीस वर्षे त्या खिडकीत बसून बोलत आल्या. भाजी निवडता निवडता माझी उणीदुणीही तेथेच निघत. गेल्या वर्षी रंगाऱ्याने खिडकी बंद असतानाच तिला तेलरंगाचे तीन हात दिले, तेव्हापासून ती चिकटली ती चिकटलीच. चौकट फोडल्याशिवाय सुटणार नाही, असे सुताराचे म्हणणे आहे. आता दोघी बंद काचेआडून हातवारे करतात. परवा पत्नीने तासभर खुणा करून काय सांगितले, ते बहिणीला कळले नाही. मग पत्नी लोकर गुंडाळायला बसली.

६. न उघडणारी खिडकी धोकादायक धरावी की कसे, हे आपणच ठरवावे. माझ्या मते धरावी.

आपला नम्र,
(सही)
शिंप्याच्या दुकानावरचा म्हातारा
दि. ९, सोमवार

सोबत : १. खिडकीचा फोटो (बंद). २. सुताराचा लेखी दाखला. ३. छत्री – मागणी झाल्यास समक्ष हजर करू.

ता. क. (पत्नीच्या हातचे) : साहेब, रंगारी आलाच नव्हता. ब्रश यांच्याच हातात होता. झडपा लावू नका, उघड्या ठेवून रंगवा, असं मी इकडून आणि अक्का तिकडून ओरडून सांगत होतो. हे म्हणाले, मला शिकवू नका. आमच्या दोघींचं ते शेवटचं बोलणं. परवानगी द्यावी, पण खिडकी सुताराकडून बसवून घेण्याच्या अटीवर.