तप्त गुरू आणि माझ्याविषयीचा ग्रह

३ जुलै २०००, सोमवार. आरमोरी.
संकल्प : आजपासून राग बंद. डॉक्टर म्हणतात बीपी आहे. खैरुन म्हणते स्वभाव आहे. बायकोशी आणि डॉक्टरशी वाद घालायचा नाही, हाही संकल्पाचाच भाग. (दोघंही चूक.)
फिरायला निघालो. शाळेच्या फाटकाशी बोर्ड, रंगीत खडूंनी : 'गुरुपौर्णिमा विशेष. तप्त गुरू! रविवार १६ जुलै, संध्याकाळी पाच, शाळेचा हॉल. सर्वांनी यावे.'
तप्त गुरू! तीस वर्षं मराठी शिकवली त्या शाळेत. पोरं पाठीमागे 'तवा मास्तर' म्हणायची, ठाऊक होतं. पण ते असं बोर्डावर? आणि तेही संस्कृत करून?
फिरणं अर्ध्यावर सोडलं. राग उद्यापासून बंद.

४ जुलै, मंगळवार
नात मदीहा त्याच शाळेत, नववीला. म्हणाली, दादाजी, तप्त गुरू हा ग्रह हाये. नवीन सायन्सचे सर सांगून राह्यले होते.
म्हटलं, बेटा, अगदी बरोबर. ग्रहच आहे. लोकांनी माझ्याविषयी करून घेतलेला ग्रह! मग तिला 'ग्रह करून घेणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करायला बसवलं. पोरगी रडकुंडीला आली. आजकाल शब्दाला दोन अर्थ असतात हेच कुणाला सोसत नाही.
सायन्स सरांचं नाव भूपेश. मासोळी विकणाऱ्या बाबुलालचा मुलगा. म्हणजे माझाच विद्यार्थी. चेहरा आठवत नाही, पण ऱ्हस्व-दीर्घापायी हात लाल केला असणारच. सगळ्यांचेच केलेत. त्याचा हा सूड.

७ जुलै, शुक्रवार
बाबुलाल मासोळी घेऊन दारात. म्हणे, गुरुजी, पोराचं भाषण हाये, येजा बरं का. साऱ्यायले बलावलं हाये.
साऱ्यायले! सरळ धमकी. मासोळीसकट परत पाठवला.
खैरुन म्हणाली, राग तुमचा, उपास माहा का म्हणून? तिनं मागच्या दारानं त्याच मासोळ्या घेतल्या. मी जेवलो, पण निषेध म्हणून काहीही न बोलता.

९ जुलै, रविवार
निर्णय : उत्तर द्यायचं, पण काव्यात. वृत्त भुजंगप्रयात.
काय दिवस होते! पावसाळ्यात कौलं गळायची, पाय ओले, आणि सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा. धानाच्या बांदीत रोवणी करणाऱ्या बाया कंबर सरळ करून ऐकत उभ्या राहायच्या. (कंबर दुखत असेल म्हणूनही, असं खैरुन म्हणते. तिला कवितेतलं काही कळत नाही.)
पहिली ओळ उतरली :
तपे तो गुरू अन् पिके ज्ञानशेती
भाषण होईपर्यंत सगळं खंडकाव्य पूर्ण करायचं. रोज दहा श्लोक.

१२ जुलै, बुधवार
दुसरी ओळ :
तया वंदुनी पोर पोटास खाती
खैरुन म्हणाली, पोट खाते? कोणाचं पोट खाते?
खंडकाव्य रद्द. दोन ओळी पुरतात. आघात थोडक्यातच करावा.
मुख्याध्यापक गुणवंतरावांकडे निषेध नोंदवायला गेलो. विषय काढायच्या आतच म्हणाले, या ना रविवारी, पहिल्या रांगेत बसा. म्हणजे नेम धरायला सोपं! चहाही दिला. कटात सामील आहे.

१६ जुलै, रविवार. दुपारी ३.
योजना : शांतपणे बसायचं. सगळा अपमान ऐकून घ्यायचा. मग उठून दोन ओळी. भूपेश पाया पडेल. मी त्याला उचलीन, पण लगेच नाही. मुलानं, जुबेरनं शिवलेला कोट काढला. बटण लागत नाही. जुबेरनं बापाचं माप चुकीचं घेतलं होतं.

१७ जुलै, सोमवार
पहिल्या रांगेत बसलो. शेजारी खैरुन. नको म्हटलं तरी आली.
प्रोजेक्टरवर एक लालबुंद गोळा. रंग माझाच.
भूपेश म्हणाला, हा तप्त गुरू, म्हणजे आपल्या गुरूसारखाच, पण दूरच्या एका ताऱ्याला अगदी खेटून फिरणारा ग्रह. आकार प्रचंड, पण आत उभं राहायला जमीन नाही, बहुतेक सगळा वायूच. खैरुन फिस्सकन हसली. कोटाकडे बघून.
मग म्हणाला, याचं वर्ष चार दिवसांतच संपतं. म्हणजे माझं वय काढलं. इतका तापतो की याच्यावर जीव जगणं शक्य नाही. म्हणजे माझा वर्ग. हा स्वतः थेट दिसत नाही, पण याच्या ओढीनं याचा तारा सारखा डुगडुगतो, त्यावरून हा आहे असं कळतं.
खैरुन म्हणाली, हे मात्र पटलं मले. मोठ्यानं म्हणाली.
उठलो. दोन ओळी म्हटल्या. आवाज चांगला लागला.
मग भूपेश म्हणाला, वा! काकांनी आपल्या ग्रहावर कविता करून आणली, टाळ्या वाजवा. वाजवल्या. बाबुलालनं सगळ्यात जास्त.
कार्यक्रम संपल्यावर त्याला गाठलं. म्हटलं, ऱ्हस्व-दीर्घ आठवतं का? हात आठवतो का? तो गोंधळला. म्हणाला, मी तर मामाकडं राहून एटापल्लीच्या आश्रमशाळेत शिकलो, काका. या शाळेत यंदाच लागलो. मग फार अदबीनं विचारलं,
तुम्ही कोणाचे पालक?
मदीहाचा, म्हणालो. म्हणाला, हुशार पोरगी हाये.
'तवा मास्तर' कोण, विचारावं असं वाटलं. गुणवंतरावांना विचारलं. म्हणाले, तवा? आपल्या शाळेत? नाही बुवा ऐकलं कधी.

१८ जुलै, मंगळवार
बीपी नॉर्मल. डॉक्टर खूश.
बाबुलाल आला. मासोळी घेतली. खैरुन म्हणाली, आज चिडले नाई? बरं नाई का तुमाले?
संध्याकाळी मदीहा वही घेऊन आली. म्हणाली, दादाजी, ते 'ग्रह करून घेणे' राहिलंच होतं, सांगा ना.
सांगितलं. लिहून घेतलं तिनं :
'आजोबांविषयी गावात कोणीही कसलाच ग्रह करून घेतलेला नाही.'
ऱ्हस्व-दीर्घ तपासले. एकही चूक नाही.