वीतभर तार

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. फोनवर तू मला धड बोलू देत नाहीस, मध्येच हसवतेस, आणि सांगायचं ते राहून जातं. गेली बावीस वर्षं असंच चाललंय, म्हणून आज लिहायला बसले.

लॅब होती तशीच आहे. खिडकीची कडी अजून दोऱ्याने बांधलेली. आपले साहेब निवृत्त झाले तरी अधूनमधून येऊन नव्या साहेबांना अक्कल शिकवतात. कामही तेच. माती, गटार, सडकी पानं, मिळेल तिथून जिवाणू आणायचे, प्लेटवर वाढवून त्यांचे ठिपके उठू द्यायचे आणि त्यातला कोण चिकट गर तयार करतो ते शोधायचं. कागदोपत्री त्या गराला बहुशर्करा म्हणायचं. आपल्या दोघींच्या भाषेत ते सगळे ‘शेंबडे’. टूथपिकचं टोक ठिपक्याला लावून हळूच उचलायचं आणि पाकाची बघतात तशी तार बघायची. बोटभर आली तरी आपण दिवसभर खूश असायचो.

तुझा शेंबडा बेसिनच्या जाळीवरून आणलेला, म्हणून साहेबांनी नाक मुरडलं होतं. तू टूथपिक उचललीस आणि तार येतच राहिली, तुटेना. मला पट्टी सापडेना, तू हात वर धरून श्वास रोखून उभी. शेवटी मीच म्हणाले, वीतभर आहे, लिहून टाक. तू वहीत ‘वीतभर’ असंच लिहिलंस. भाजलेल्या जखमांवरच्या मलमासाठी असाच गर हवा होता. साहेबांनी पंधरा दिवसांनी समोर करून दाखवायला सांगितलं, आणि तेवढ्यात तुझे वडील गेले.

घरी जाताना तू ती प्लेट माझ्यावर सोपवलीस. आठवड्याने त्यातला एक ठिपका नव्या प्लेटवर उतरवायचा, एवढंच काम. मला नोकरीला लागून तीनच महिने झाले होते, आणि माझा स्वभाव तुला माहीत आहे, टेबलावर पेन वाकडं पडलेलंही मला खपत नाही. उघडून बघते तर सगळे ठिपके ओघळून एकमेकांत मिसळलेले. मला वाटलं, पाणी उतरून प्लेट नासली. कडेला एक ठिपका कोरडा, गोल, नीटनेटका होता. तोच उचलला. बाकीची प्लेट ऑटोक्लेव्हच्या वाफेत घालून मारून टाकली. ओघळलेला तो गरच होता, आणि एखादा जिवाणू गर करणं सोडून देतो नि मग असा नीटनेटका दिसतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

साहेबांसमोर तू चार वेळा टूथपिक लावलीस. तार आली नाही. ते म्हणाले, बाई, माणसाला हवं तेच दिसतं. तू माझ्याकडे पाहिलंस. त्या क्षणी मला सगळं कळलं, आणि मी प्लेटवर झाकण ठेवत राहिले. नंतर तू ते बेसिन तीनदा खरवडलंस, काही मिळालं नाही. मग तू शाळेत शिकवायला गेलीस आणि आपल्या डोळ्यांची स्वतःच चेष्टा करायला लागलीस. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती, असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावलं. खरं म्हणजे मी घाबरले, आणि नंतर उशीर झाला म्हणून गप्प बसले.

सहा महिन्यांपूर्वी तुझी लेक आमच्याकडे लागली. मला मावशी म्हणते. काल तिच्या प्लेटवर चांगली बोटभर तार आली, मी पाहिली. तिने चौघांना बोलावून विचारलं, तरी तिची खात्री पटेना, आणि साहेबांना न दाखवताच तिने ती प्लेट टाकून दिली. सोमवारी ती राजीनामा देणार आहे. म्हणाली, मावशी, आई सांगते, आमच्या घरात सगळ्यांना नसलेलं दिसतं. पुढे शोभा होण्यापेक्षा आत्ताच गेलेलं बरं. मला तिथेही तोंड उघडता आलं नाही. भिंगरी, तुला नसलेलं दिसलं नव्हतं. तार होती, वीतभर होती, मी पाहिली होती आणि मीच ती घालवली. रविवारच्या आत हे पत्र तिला वाचून दाखव. माझं नाव गाळू नकोस.

तुझीच,
शेजारच्या टेबलावरची